रात्री अचानक बिघडलं तर आधी १४४१६ की थेट दवाखाना?
घरातलं माणूस रात्री दोनला जिवाचं बरंवाईट करायचं बोलायला लागलं की घरच्यांना काहीच सुचत नाही. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, म्हणजे १४४१६, २०२२ पासून चालू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पेशंटशी कसं बोलायचं ते सांगतात आणि खरं सांगू, त्यावेळी सांभाळणाऱ्यालाही आधार लागतोच. पण गोळ्यांचा डबा लपवणं, उशाशी जागत बसणं हे शेवटी आईनं नाहीतर बायकोनंच करायचं.

ॲडमिट करायचं तर प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरीला, आता नांदेडवाल्यानं रात्रीची गाडी कुठं पळवायची सांगा? बऱ्याच जणांना माहीतच नसतं, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं जिवाला धोका असेल तर कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, त्यामुळे जवळच्या सरकारी दवाखान्यात 'सायकियाट्रिस्ट नाही' म्हणाले तरी तिथून हलू नका.

माझं मत, काही घेतलं असेल किंवा हातात असेल तर थेट १०८. बोलतंय, ऐकतंय, जवळ कोणीतरी आहे, तर आधी १४४१६ आणि सकाळी डॉक्टरकडे न्यायचंच, रात्र निघाली म्हणून टाळायचं नाही.