फ्रीबीएसडी रोजच्या लॅपटॉपवर: आधी मशीन बघा, मग हात घाला

फ्रीबीएसडी, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "ते सर्व्हरवालं ना?" मलाही तसंच वाटायचं. आता बरेच महिने ते माझ्या रोजच्या लॅपटॉपवर आहे. मेल, लिखाण, ब्राउझर आणि थोडंफार प्रोग्रॅमिंग एवढंच माझं काम, गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही, तेव्हा हा रिव्ह्यू त्या हिशोबानेच वाचा.

पहिलं म्हणजे हे लिनक्स नाही, लिनक्सचं डिस्ट्रो, म्हणजे उबंटूसारखी त्याची एखादी आवृत्ती, पण नाही. बर्कली विद्यापीठातल्या युनिक्सच्या घराण्यातलं आहे, पहिलं व्हर्जन १९९३ चं. त्याने रोजच्या वापरात काय फरक पडतो? तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आणि बेसिक कमांडा एकाच प्रोजेक्टमध्ये एकत्र बनतात, आणि तुम्ही वरून जे टाकाल, म्हणजे फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, केडीई हा डेस्कटॉप वगैरे, ते सगळं वेगळ्या फोल्डरात जाऊन बसतं. वरचं सगळं उडवलं तरी खालची सिस्टीम जशीच्या तशी. किरकोळ वाटेल पण काही बिघडलं की कुठे शोधायचं हे पटकन कळतं.

इन्स्टॉलर निळ्या स्क्रीनवरचा, अक्षरांचा, माउसबिउस काही नाही. प्रश्न विचारतो, उत्तरं द्या, संपलं. पण रीस्टार्ट केल्यावर समोर येतो नुसता काळा पडदा आणि लॉगिन! डेस्कटॉप तुम्हीच टाकायचा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर तुम्हीच टाकायचा, स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये, म्हणजे ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्या युजरांत, पण तुम्हीच घालायचं. हे फ्रीबीएसडीच्या अधिकृत हँडबुकात नीट लिहिलंय, आणि त्या हँडबुकाचं कौतुक करावं तेवढं थोडं, दहा ठिकाणचे अर्धवट सल्ले गोळा करत बसावं लागत नाही. माझी संध्याकाळ गेली तरी त्यात. देवनागरीसाठी नोटो फॉन्ट टाकले, केडीईच्या सेटिंगमधून इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला, ते मात्र दोन मिनिटांत झालं.

आवाज येईना म्हणून तासभर डोकं खाल्लं. शेवटी कळलं की आवाज एचडीएमआयकडे जात होता आणि तिकडे काहीच जोडलेलं नव्हतं. एक सेटिंग बदललं, झालं.

आता मी टिकलो कशामुळे ते सांगतो. बूट एन्व्हायर्नमेंट. इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली साठवायची पद्धत, निवडलं की हे आपोआप मिळतं. चालू सिस्टीमची एक प्रत काही सेकंदांत बनते, आणि सुरुवातीला जागा जवळपास खातच नाही, कारण बदललेला भागच तेवढा वेगळा साठवला जातो. मी १४.२ व्हर्जनवरून १४.३ वर गेलो तेव्हा घाईत सूचना वाचल्या नाहीत, ग्राफिक्सचं पॅकेज जुनंच राहिलं, आणि रीस्टार्टनंतर स्क्रीन काळी ठप्प. दुसरी कुठली सिस्टीम असती तर पेनड्राइव्ह शोधत बसलो असतो. इथे अपडेटच्या आधी त्यानेच जुन्या सिस्टीमची प्रत करून ठेवलेली, सुरू होतानाच्या मेनूतून ती निवडली आणि पाच मिनिटांत कालच्यासारखा कामाला लागलो. होम फोल्डर या भानगडीच्या बाहेर असतो, त्यामुळे त्या दिवशी लिहिलेलं पण जागेवर. तेव्हापासून काहीही नवीन करायचं तर आधी प्रत, मग बिनधास्त उद्योग.

आणि उद्योग केलेत मी! आरसी डॉट कॉन्फ ही सेटिंगची मुख्य फाइल, त्यात एकदा शेवटचं अवतरणचिन्ह विसरलो तर सिस्टीम अर्ध्यातच थांबून सिंगल युजर या दुरुस्तीच्या मोडमध्ये गेली, आणि डिस्क रीड-ओन्ली म्हणून फाइल दुरुस्त पण करता येईना, आधी ती लिहिता येईल अशी परत माउंट करावी लागली. त्या फाइलीत हाताने लिहू नका, सिसआरसी नावाची कमांड आहे ती वापरा.

वाईट बाजू आता. वायफाय. इंटेलच्या बऱ्याच कार्डांवर आधीच्या व्हर्जनमध्ये स्पीड वायफायच्या जुन्या जी स्टँडर्डलाच अडकून राहायचा, १४.३ मध्ये एन आणि एसी ही पुढची स्टँडर्ड आल्यावर बराच सुधारला. पण माझ्या दुसऱ्या, नव्या लॅपटॉपमधलं कार्ड, कंपनीचं नाव घेत नाही, ओळखलंच गेलं नाही. इन्स्टॉल करताना फोन यूएसबीने जोडून टेदरिंग केलं तर ते चाललं, तेवढीच सोय. ब्लूटूथ हेडफोनच्या नादाला मी लागलो नाही, वायरवाला घेतला.

पैसे भरून बघायचे व्हिडिओ हा अजून एक घोळ. त्याला लागणारं वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओची कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर, फ्रीबीएसडीसाठी सरळ मिळत नाही, लिनक्सच्या आडून जुगाड करावा लागतो. गंमत म्हणजे नेटफ्लिक्स लोकांपर्यंत व्हिडिओ पोचवतं ते स्वतःचे सर्व्हर फ्रीबीएसडीवरच चालवून! म्हणजे तिकडून निघतो तो फ्रीबीएसडीवरून आणि इकडे फ्रीबीएसडीवर बघायचा तर मारामार. मी सिनेमे फोनवर बघतो. ऑफिसच्या मीटिंगा ब्राउझरमधून होतात, पण तुमच्या कामाचं एखादं बंद सॉफ्टवेअर फक्त विंडोज किंवा लिनक्ससाठीच असेल तर इथे येऊच नका, उगाच चिडचिड होईल.

रॅम भरलेली दिसली तर घाबरू नका, झेडएफएस रिकामी रॅम कॅशला, म्हणजे लागणारा डेटा हाताशी ठेवायला, वापरतं आणि लागली की सोडतं.

घ्यायचं असेलच तर डिस्क पुसायच्या आधी घोस्टबीएसडी पेनड्राइव्हवर टाका. ते फ्रीबीएसडीवरच बनलेलं आहे, डेस्कटॉपसकट येतं आणि इन्स्टॉल न करता चालतं. वायफाय जोडून बघा, आवाज बघा, आणि मुख्य म्हणजे लॅपटॉप झोपवून बघा, झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा, स्क्रीन परत येते का. माझ्या जुन्या लॅपटॉपवर येते. नव्यावर नाही आली, म्हणून त्याच्यावर अजून लिनक्सच आहे.