झाकणाचे आटे: घरचा ऑक्सिजन आणि छातीचं रुग्णालय, 9 महिन्यांचा अनुभव

पहाटे पावणेचारला बाबांनी पलंगाच्या कडेवर बोटाने टकटक केलं. बोलायला श्वास पुरत नाही तेव्हा ते असंच बोलावतात. ऑक्सिमीटर लावला तर रक्तातला ऑक्सिजन 81 टक्के. ऑक्सिजनचं मशीन चालू होतं. प्रवाह दाखवणाऱ्या फ्लोमीटरची गोळी बरोबर मिनिटाला 2 लिटरच्या रेघेवर, हिरवा दिवा लागलेला, ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे नेहमीसारखे. अलार्मचा पत्ता नाही. मशीनच्या लेखी सगळं आलबेल होतं आणि माझ्यासमोर माझा बाप गुदमरत होता. नळी मशीनवरून काढून कोपऱ्यातल्या लहान सिलिंडरला जोडली. दहाएक मिनिटांत आकडा 89 वर आला आणि ते टेकून बसले.

त्या रात्रीमुळे लिहायला बसलो आहे. ज्यांच्या घरी 5 लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन आहे, त्यांना त्याची आणखी माहिती द्यायची गरज नाही. बाबांना सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे, वय 74. मशीन छातीच्या रुग्णालयाने वापरायला दिलेलं आहे, दुरुस्तीचं कंत्राट पुरवठादाराकडे. दोघांचीही नावं लिहीत नाही, कारण माझं म्हणणं कुठल्याही रुग्णालयाला आणि कुठल्याही पुरवठादाराला लागू पडेल.

खरं तर दम वाढल्याची तक्रार त्या रात्रीच्या तीन आठवडे आधीपासून चालू होती. पुरवठादाराचा माणूस तीनदा येऊन गेला. पहिल्या वेळी मागची जाळी धुतली. दुसऱ्या वेळी मशीनच्या तोंडाशी मीटर लावून शुद्धता मोजली, 94 टक्के भरली. तिसऱ्या वेळी नाकातली नळी बदलली आणि ‘दोष आढळला नाही’ अशा कागदावर माझी सही मागितली. मी म्हटलं, नाकाशी किती पोचतोय ते मोजा. तो म्हणाला, फॉर्मवर फक्त मशीनच्या तोंडाचं माप आहे. मी सही केली नाही. पुढचे आठ दिवस फोनवर माझी ओळख ‘सही न करणारे’ अशीच होती, आणि त्याचा मला अजून राग आहे.

पहाटेच्या प्रकारानंतर सकाळी रुग्णालयाच्या घर-ऑक्सिजन विभागात फोन केला. तिथल्या सिस्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सिलिंडरला जोडलंत तेव्हा मधे बाटली होती का?” नव्हती. “मग मशीन चालू करा, बाटलीच्या पुढची नळी बोटांनी घट्ट चिमटा आणि शिटी वाजते का सांगा.” चिमटली. शिटी नाही. गोळी जागची हलली नाही, बुडबुडेही चालूच. “आता नाकातली दोन टोकं ग्लासभर पाण्यात बुडवा.” बुडवली. एखादा बुडबुडा आला, मग बराच वेळ काही नाही. “झाकण बघा,” त्या म्हणाल्या.

झाकण तिरकं बसलं होतं. एका बाजूला आटे एकमेकांवर चढले होते आणि नखसुद्धा जाणार नाही एवढी फट राहिली होती. बोट ओलं करून कडेने फिरवलं तर थंड हवा लागली. आमचा ऑक्सिजन तिथून खोलीत जात होता.

हे नीट सांगतो, कारण तीन भेटींत कुणी ते पाहिलं नाही. फ्लोमीटर बाटलीच्या आधी असतो. ऑक्सिजन मोजला जातो, मग बाटलीतल्या नळीतून पाण्यात उतरतो, बुडबुड्यांनी वर येतो आणि पाण्यावरच्या रिकाम्या जागेतून पुढे नाकाच्या नळीत जातो. झाकण गळत असेल तर तो पाण्यावर येईपर्यंत सगळं नेहमीसारखंच दिसतं. गोळी खरं सांगते, बुडबुडे खरे असतात, शुद्धतेचा दिवाही खरा असतो. गळती त्या सगळ्यांच्या पुढे आहे. नाकापर्यंत जायला सात मीटर नळीचा विरोध आणि फटीतून निसटायला जवळजवळ काहीच नाही, म्हणून तो निसटतो. झाकण घट्ट असेल तर नळी चिमटल्यावर बाटलीत दाब वाढतो, सुरक्षा झडप उघडून शिटी वाजते. एवढीच परीक्षा आहे. पाच सेकंद लागतात.

आटे का गेले तेही शोधलं. बाटली धुऊन डिस्टिल्ड वॉटर भरायचं काम मी दिवसाआड करतो. पाच महिन्यांत पंचाहत्तर वेळा तरी तेच प्लॅस्टिकचं झाकण उघडलं आणि लावलं. ते झिजणारच. मशीनबरोबर जाळी जास्तीची दिली होती, नाकाच्या नळ्या चार दिल्या होत्या, बाटली मात्र एकच. एवढ्या मोठ्या यंत्रातला सर्वांत स्वस्त आणि सतत हाताळला जाणारा भाग, आणि त्याला सुटा पर्याय नाही.

सिस्टर पुढे जे म्हणाल्या त्याने मी गप्पच झालो. “2 लिटरला बाटली लागतच नाही. नाक फार कोरडं पडत असेल तरच लावायची.” 4 लिटरच्या आतल्या प्रवाहाला नाक स्वतःच पुरेसा ओलावा देतं, म्हणून साध्या नळीवर तिची सरसकट गरज धरत नाहीत. म्हणजे जी वस्तू मी निष्ठेने धूत होतो, तिच्याचमुळे बाबांचा श्वास अडला होता. बाटली काढली, नळी थेट मशीनला जोडली आणि संध्याकाळपर्यंत सॅच्युरेशन 90 च्या आसपास स्थिरावलं. नाक कोरडं पडलंच तर पाण्यापासून बनवलेली (वॉटर-बेस्ड) जेल लावायची. पेट्रोलियम जेली नको, ऑक्सिजनजवळ ती पेट घेऊ शकते.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी रुग्णालयावर खूश आहे. पहिल्या महिन्यात कुणी विचारलं असतं तर 5 पैकी 2 तारे दिले असते.

तेव्हाची पहिली तक्रार मनगटातल्या सुईची. बोटाला चिमटा लावून 86 दिसतंय, मग धमनीतून रक्त कशाला काढता, बाबा कळवळले, म्हणून मी डॉक्टरांशी भांडलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की आयुष्यभराचा ऑक्सिजन एका चिमट्यावर ठरवत नाहीत. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब 55 मिमी पाऱ्याच्या खाली आहे का, आणि कार्बन डायऑक्साइड किती साठतोय, हे बघावं लागतं. बाबांचा 52 आला. तब्येत स्थिरावल्यावर पुन्हा सुई, पुन्हा माझी कुरकुर. नंतर मी स्वतः वाचलं. अमेरिकेतला 2020 चा अभ्यास आहे: ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्तात प्रत्यक्ष 88 पेक्षा कमी, असं कृष्णवर्णीय रुग्णांच्या 11.7 टक्के मोजणीत आढळलं, गोऱ्यांच्या 3.6 टक्के. कातडीच्या रंगाने यंत्र चुकतं. आमच्या सगळ्यांच्या कातडीचा रंग बघता त्या सुईबद्दलची तक्रार मी मागे घेतो.

कार्बन डायऑक्साइडबद्दल सांगितलेल्याचाही उपयोग त्या रात्री झाला. घाबरून मशीन 4 लिटरवर न्यायला माझा हात गेला होता. सीओपीडीच्या काही रुग्णांना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड साठतो, गुंगी येते. म्हणून बाबांचं लक्ष्य 88 ते 92 एवढंच आहे, आणि ते आकडे पहिल्या दिवशी सिस्टरनी मशीनवर ठसठशीत लिहून चिकटवले होते. ते वाचून हात मागे घेतला.

रुग्णालयाच्या, दम लागणाऱ्या रुग्णांसाठीच्या व्यायामवर्गाबद्दल थोडक्यात. आठवडे 8, आठवड्यातून दोनदा. चालायला काय शिकवायचं, असं मला वाटलं होतं. 30 मीटरच्या मार्गिकेत सहा मिनिटांत बाबा सुरुवातीला 214 मीटर चालले, शेवटी 262. तीसेक मीटरची वाढ रुग्णाला जाणवण्याइतकी मानतात. सीओपीडीच्या रुग्णांसाठीच्या अशा वर्गांच्या 65 चाचण्यांचा, 3,822 रुग्णांचा आढावा 2015 मध्ये निघाला, तेव्हा उपयोग इतका स्पष्ट दिसला की हाच प्रश्न पुन्हा तपासायची गरज उरली नाही असं तज्ज्ञांनी म्हटलं. बाबा आता ओठांचा चंबू करून श्वास सोडत स्वतः न्हाणीघरापर्यंत जातात. हा वर्ग चुकवू नका.

आता तासांचं. आमचं मशीन 350 वॉटचं. 24 तास चालवलं तर दिवसाला 8.4 युनिट, 16 तास चालवलं तर 5.6. मी विजेचा हिशोब ठेवणारा माणूस आहे, त्यामुळे किती तास लावायचं हा प्रश्न मी प्रत्येक भेटीत विचारला. दरवेळी उत्तर एकच, ‘किमान 15’, आणि मला ते मोघम वाटायचं. चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी वेळ काढून मुळापासून सांगितलं. घरच्या ऑक्सिजनने आयुष्य वाढतं हे दोन जुन्या अभ्यासांवर उभं आहे. ब्रिटनमधला 1981 चा, 87 रुग्णांचा: रोज 15 तास ऑक्सिजन घेणाऱ्या 42 पैकी 19 जण पाच वर्षांत गेले, न घेणाऱ्या 45 पैकी 30. आणि अमेरिकेतला 1980 चा, 203 रुग्णांचा: फक्त रात्री घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण सतत घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. मग 24 तासच बरे, असं अनेक वर्षं मानलं गेलं. स्वीडनमध्ये 241 रुग्णांवर ते समोरासमोर तपासलं, 2024 मध्ये निकाल आला: वर्षभरात 24 आणि 15 तासांत रुग्णालयात भरती होण्यात किंवा मृत्यूत फरक दिसला नाही.

हे ऐकून बाबांचा चेहरा खुलला. दुपारी नळी काढून गॅलरीत बसायची परवानगी त्यांना त्या आकड्यांतून मिळाली. पण त्याच भेटीत सिस्टरनी मशीनवरच्या तासांच्या मीटरचे दोन महिन्यांचे फोटो मांडले. रोजची सरासरी 11 तास. आम्ही 16 सांगत होतो. बाबा आवाज नको म्हणून रात्री मशीन बंद करत होते आणि मला ठाऊकच नव्हतं. मशीन पॅसेजमध्ये हलवलं, नळी लांब घेतली, आता 16 खरोखर होतात.

ते फोटो रुग्णालयाच्या एका अभ्यासासाठी आहेत. घरी किती तास वापर होतो आणि का चुकतो, हे ते नोंदवतात. संमतीचा कागद आमच्या भाषेत होता, घाई केली नाही, हे चांगलं. खटकतं ते असं की 9 महिने फोटो पाठवतोय आणि त्यातून काय दिसलं ते एका ओळीनेही कळवलेलं नाही. आमच्या घरच्या 11 तासांची नोंद त्यांच्या तक्त्यात असेल तर तो तक्ता आम्हालाही बघायचा आहे.

शेवटी देणग्या. आवाहनाची पत्रं दर महिन्याला येतात, नव्या इमारतीच्या चित्रासह. मला ती डोक्यात जायची. एकदा मशीन पुसताना मागे चिकटवलेली पट्टी वाचली: क्रमांक 117, ‘देणगीतून’. विभागात विचारलं तेव्हा कळलं, उसनी देण्याची मशीन सगळी अशीच आलेली आहेत. मग पत्रं फाडणं थांबवलं. छातीच्या रोगांची रुग्णालयं फार पूर्वीपासून लोकांच्या लहान पैशांवर उभी राहिली आहेत. डेन्मार्कमधल्या आयनार होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याने 1904 मध्ये नाताळच्या पत्रांवर लावायचं एक छोटं तिकीट काढलं, क्षयाच्या रुग्णांसाठी. 1907 मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी तीच कल्पना उचलली, कारण डेलावेअरमधलं एक छोटं क्षयरुग्णालय 300 डॉलरवाचून बंद पडणार होतं. तिकिटं विकून ते वाचलं.

म्हणून मी रुग्णालयाला लिहिलं: माझी देणगी इमारतीला नको. प्रत्येक मशीनबरोबर दोन सुट्या बाटल्या द्या, आणि घरी येणाऱ्या माणसाकडे नाकाशी प्रवाह मोजायचं साधन द्या. उत्तर आलं की आवाहनात तसा रकाना नाही. पुन्हा लिहिलं. गेल्या महिन्यापासून नव्या रुग्णांच्या माहितीपत्रकात नळी चिमटण्याची परीक्षा चित्रासह छापली आहे. सुट्या बाटल्या अजून नाहीत. तोवर मी दहा घेऊन विभागाच्या खिडकीवर ठेवल्या. पुढच्या भेटीला गेलो तेव्हा तीनच उरल्या होत्या. रुग्णालयाला आज 4 तारे, पुरवठादाराला 1.

बाटली काढल्यावर बाबांची झोप उडाली होती, हे सांगायचं राहिलं. बुडबुड्यांचा आवाज नाही तर ऑक्सिजन येतोय हे अंधारात कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. आठवडाभर ते दर तासाला उठून फ्लोमीटर बघायला पॅसेजमध्ये यायचे. म्हणून रात्रीपुरती नवी बाटली लावली, त्यांना ऐकू यावी म्हणून मशीन दाराशी ओढलं. झाकण मी लावतो. मग बाबा स्वतः येतात, नळी दोन बोटांत धरून चिमटतात, शिटी होईपर्यंत थांबतात, आणि झोपायला जातात.