विश्वकोश, विकिपीडिया आणि स्टेलॅरियम: कोल्हापुरातून वर्षभर वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्यापासून मी तीन साधनं नेमानं वापरते आहे: मराठी विश्वकोशाचं संकेतस्थळ, मराठी विकिपीडिया आणि स्टेलॅरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर. जोडीला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा. संगणकावर वापरायला यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. सुरुवातीला यातलं प्रत्येक साधन सुटं सुटं वापरलं. चार नोंदी वाचायच्या, दोन तारे बघायचे आणि पडदा मिटायचा. त्यातून फार काही पदरात पडलं नाही. मग एकच प्रश्न घेऊन तिन्हींची दारं ठोठावली, आणि तिथून खरी मजा सुरू झाली.

प्रश्न अगदी आमच्या पेठेतला होता. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला असतो आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मूर्ती पश्चिमाभिमुख. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात, गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या पायांपासून वर चढत जातात. या तारखा कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. पण नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हीच जोडी का, हे मला लहानपणापासून कुणी सांगितलं नव्हतं.

आधी विश्वकोश उघडला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली हे काम उभं राहिलं, १९७६ साली पहिला खंड आला आणि पुढे वीस खंड झाले. आज ते सगळं घरबसल्या वाचता येतं, ही मराठी माणसासाठी केवढी मोठी सोय आहे. मात्र विश्वकोश वाचायची एक पद्धत आहे आणि ती अंगवळणी पडायला मला काही आठवडे लागले. इथं गूगलसारखा लांबलचक प्रश्न टाकून उपयोग नाही. नोंदीचं शीर्षक काय असेल याचा अंदाज बांधावा लागतो. ‘सूर्य मावळण्याची जागा का बदलते’ असं विचारू नये. ‘क्रांती’, ‘दिगंश’, ‘अयन’ असे, आकाशातली सूर्याची जागा आणि दिशा सांगणारे, खगोलशास्त्रातले शब्द घेऊन जावं. मजकुरात जिथं बाणाची खूण दिसते तो शब्द स्वतंत्र नोंदीचा आहे असं समजायचं आणि तो शोधपेटीत टाकायचा. एका नोंदीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत, अशी माझी संध्याकाळ कशी सरायची ते कळायचं नाही. नोंदीच्या शेवटी लिहिणाऱ्याचं नाव असतं, ते मला फार आवडतं. कुणीतरी अभ्यास करून, जबाबदारी घेऊन आपल्या भाषेत लिहिलं आहे, याचा विश्वास वाटतो.

गावांच्या आणि जिल्ह्यांच्या नोंदी वाचताना तेवढं एक लक्षात ठेवावं. छापील खंड ज्या काळात निघाला त्या काळचे आकडे त्यात असतात, म्हणजे सुरुवातीच्या खंडांत १९७१ च्या जनगणनेचे. आजची लोकसंख्या हवी असेल तर दुसरीकडे जा. पण गाव तेव्हा कसं होतं, तिथं काय पिकत होतं, कोणते कारखाने होते हे हवं असेल तर याहून चांगली जागा नाही. आणखी मागं जायचं असेल तर केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोशही जालावर आहे, तेवीस भागांचा. तो आणि विश्वकोश शेजारी शेजारी उघडून एकाच गावाबद्दल वाचावं, असं मी प्रत्येकाला सुचवीन.

आता स्टेलॅरियम. हे मुक्तस्रोत आहे, संगणकावर उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. कोल्हापूरचं ठिकाण एकदा भरायचं: अक्षांश १६.७ उत्तर, रेखांश ७४.२ पूर्व. मग तारीख आणि वेळ मागंपुढं सरकवत बसायचं. मी १० नोव्हेंबरची संध्याकाळ लावली आणि सूर्यावर क्लिक केलं. क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं (आपलं विषुववृत्त आकाशावर उमटवलं तर जी रेषा होईल तिच्यापासूनचं) सूर्याचं अंतर, साधारण उणे १७ अंश, उणे म्हणजे दक्षिणेला. मग १ फेब्रुवारी लावली. पुन्हा उणे १७. दोन्ही दिवशी सूर्य पश्चिम बिंदूच्या जवळपास १८ अंश दक्षिणेला मावळत होता, अगदी त्याच जागी. खुर्चीत बसल्या बसल्या अंगावर काटा आला.

कारण सरळ आहे. २१-२२ डिसेंबरला सूर्य दक्षिणेच्या टोकाला पोचतो आणि परत फिरतो. १० नोव्हेंबर त्याच्या आधी ४१-४२ दिवस आणि १ फेब्रुवारी त्यानंतर तितकेच दिवस. जाताना ज्या जागेवरून गेला, त्याच जागेवरून तो परत येतो. म्हणून उत्सव वर्षातून दोनदा, आणि म्हणून ही जोडी. आणखी एक गोष्ट बघितली. या दिवसांत मावळतीची जागा रोज पाव अंशाहून थोडी जास्त सरकते. सूर्याचं बिंब दिसायला अर्धा अंश रुंद असतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून तिसऱ्या दिवसापर्यंत सूर्य स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त बाजूला गेलेला असतो. एवढ्या लांबून, दारामागून दार ओलांडत येणाऱ्या उजेडाला ही सरक फार मोठी आहे. उत्सव महिनाभर का चालत नाही, याचं उत्तर त्या आकड्यात आहे. किरण पायांकडून चेहऱ्याकडे चढतात तेही याच हिशोबात बसतं: सूर्य जसजसा खाली उतरतो तसतसे किरण आडवे होत जातात, आधी जमिनीवर पडणारा उजेड आत आत सरकतो आणि मग मूर्तीवर वर चढतो. ढग, क्षितिजावरचं बाष्प, धूर आणि वाटेतली उंच बांधकामं, यातलं काहीही त्या शेवटच्या काही मिनिटांत आडवं आलं की किरण अर्ध्यातच थांबतात.

हे सगळं बघून झाल्यावर नोव्हेंबरात देवळात उभी राहिले तेव्हा श्रद्धा कमी झाली का, असं मला एका मैत्रिणीनं विचारलं. उलट झालं. ज्यांनी ही दिशा साधली त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, सॉफ्टवेअर नव्हतं. त्यांनी कितीतरी वर्षं मावळतीकडे बघून खुणा केल्या असतील. हात आपोआप जोडले गेले.

याच नादात खिद्रापूरला गेले. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठावर कोपेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं. यादव राजा सिंघणाचा शिलालेखही तिथं आहे. मुख्य देवळासमोर स्वर्गमंडप: ४८ खांब, मध्ये छताला गोल मोकळं तोंड आणि बरोबर खाली गोल रंगशिला. कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र त्या गोलाच्या नेमका वर येतो, असं सांगतात आणि ते बघायला लोक जमतात. मी आधी घरी स्टेलॅरियमवर बघितलं. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेला साधारण १६ ते २१ अंश, म्हणजे चंद्र उत्तरेला साधारण तेवढाच. खिद्रापूरचं अक्षांश साडेसोळाच्या पुढे. तेव्हा चंद्र जवळजवळ डोक्यावर येणारच! चंद्राची कक्षा पाच अंशांनी कललेली असल्यानं एखाद्या वर्षी तो थोडा बाजूला राहील, पण बेत चुकत नाही. वेळही बघून ठेवली होती. आपलं घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचं, म्हणजे साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं, आणि आपण त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे चंद्र माथ्यावर यायला बाराच्याही पुढं, सव्वाबाराच्या आसपास वाजतात.

त्या रात्री मंडपात शेजारी एक वयस्कर मावशी बसल्या होत्या, कुरुंदवाडकडच्या. बारा वाजले तसे लोक उठायला लागले. मी म्हटलं, “मावशी, जरा थांबा, अजून पंधरा मिनिटं हायत.” त्या म्हणाल्या, “व्हय व्हय, ठावं हाय मला. आमचा म्हातारा बी हेच म्हणायचा, घड्याळाकडं बघू नगस, शिळंकडं बघ.” रंगशिलेवर चांदण्याचा गोल कडेकडून सरकत आत येत होता आणि खांबांच्या सावल्या पायाशी गोळा होत होत्या. मोबाइलला रेंज नव्हती, त्याची गरजही पडली नाही. मात्र वाट शोधायला आधी उतरवून ठेवलेला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा कामाला आला. गावाबाहेर पडताना हे आठवणीनं करावं.

मराठी विकिपीडियाबद्दल थोडक्यात. तो २००३ सालापासून आहे, त्यात कुणालाही लिहिता येतं. ताज्या गोष्टींसाठी मी तिथं जाते. जयंत नारळीकर गेले, २० मे २०२५ ला, तेव्हा त्यांच्याबद्दल पुन्हा वाचावंसं वाटलं आणि पहिली धाव तिथंच घेतली. ते १९३८ साली कोल्हापुरात जन्मले. त्यांच्या विज्ञानकथा वाचूनच मी शाळेत असताना गच्चीवर जाऊन आकाश बघायला लागले, हे ऋण सांगायची ही जागा आहे. विकिपीडियाचा लेख वाचताना ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ हे दोन टॅब जरूर उघडावेत. कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं. संदर्भ दिलेला नसेल ते वाक्य मी पुढे कुणाला सांगत नाही.

मध्यंतरी एका एआय साधनालाही किरणोत्सवाबद्दल विचारून बघितलं. मराठी गोड होती, तारखा चुकीच्या होत्या. गणित समजावून घ्यायला ते बरं, पण गावाची माहिती त्याच्याकडून घेऊ नये, एवढंच माझं मत झालं.

जे जालावर सापडलं नाही ते करवीर नगर वाचन मंदिरात शोधलं. १८५० साली सुरू झालेलं हे ग्रंथालय. विश्वकोशातल्या नोंदींच्या शेवटी जुन्या पुस्तकांची नावं दिलेली असतात. ती यादी कागदावर उतरवून तिकडे गेलं की काम सोपं होतं. ज्या मुलांना वाटतं सगळं मोबाइलमध्ये आहे, त्यांना एकदा अशी यादी हातात देऊन पाठवावं.

मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस घरच्या गच्चीवर केला. सूर्याची क्रांती आपल्या अक्षांशाइतकी झाली की दुपारी तो बरोबर डोक्यावर येतो. कोल्हापुरात हे ६ मेच्या आसपास, साडेबाराच्या सुमाराला घडतं. पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातही घडतं, पण तेव्हा पावसात सूर्य दिसेल तर नशीब. पाइपचा एक तुकडा सरळ उभा केला, ओळंबा लावून. वडील छत्री घेऊन बाजूला उभे. सावली आखडत आखडत पाइपच्या बुडाशी गेली आणि दिसेनाशी झाली. वडील वाकून बघत म्हणाले, “अगं, गेली की गं!” मग त्यांनी शेजाऱ्यांना हाका मारून वर बोलावलं आणि १६.७ हा आकडा तेच सगळ्यांना समजावून सांगू लागले.

कुणाला सुरुवात करायची असेल तर स्टेलॅरियममध्ये आपल्या गावाचं ठिकाण भरून पुढच्या ३१ जानेवारीची संध्याकाळ लावा, वातावरण बंद करा म्हणजे सूर्य स्पष्ट दिसेल, आणि वेळ साडेपाचपासून हळूहळू पुढे सरकवा. अडेल तिथं विश्वकोशात ‘क्रांती’ शोधा. आणि महाद्वाराच्या समोरच्या बाजूला ज्यांची जुनी घरं आहेत, त्यांच्या घरात कुणी पूर्वी किरणांच्या वेळा लिहून ठेवल्या असतील, तर त्या वह्या रद्दीत घालू नका. वाचन मंदिरात नेऊन द्या.