किट विमानात इलेक्ट्रिक ट्रिम: दिवाळीपासून मृगापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. सर्वो, म्हणजे लिव्हरऐवजी बटनाने ट्रिम हलवणारी छोटी मोटर, घ्या, पस्तावणार नाही. पण त्याच्याबरोबर मोटरचा वेग कमी करणारं कंट्रोलर घेणार नसाल तर सर्वोही घेऊ नका, जुना लिव्हरच बरा. आणि बारीक दिव्यांची पट्टी असलेला इंडिकेटर आपल्या खान्देशच्या उन्हात तरी पैसे वाया.

विमान आप्पांचं आहे. झेनिथ सीएच ७०१, दोन माणसांचं, सगळं ॲल्युमिनियमचं, क्रिस हाइन्झ यांचं डिझाइन. एनसीसीच्या एअर विंगमधल्या जुन्या पोरांना हे विमान ओळखीचं असेल. मी पायलट नाही. माझं जळगावला ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. ट्रॅक्टर, जेसीबी, सीझनमध्ये केळीचे ट्रक. आप्पांच्या विमानाची वायरिंग मात्र सुरुवातीपासून माझ्याकडे आहे, आणि बहुतेक वेळा शेजारच्या सीटवरही मीच असतो. २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर कॅप्टन अमोल यादवांनी स्वतः बांधलेलं विमान उडवून पाहिलं, तेव्हापासून आमच्याकडे 'घरी विमान बांधतात' म्हटलं की कोणी वेड्यात काढत नाही. फार तर "भो, किती ॲव्हरेज देतं?" एवढं विचारतात.

ट्रिम कशाला लागते ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेपटीच्या आडव्या फळीला मागे हलणारा एलिव्हेटर असतो, आणि त्याच्या मागच्या कडेला छोटी पट्टी, म्हणजे टॅब. टॅब खाली वळवली की वारा एलिव्हेटरला वर ढकलतो आणि नाक वर येतं. टॅब वर केली की उलट. वेग बदलला, इंजिनची पॉवर बदलली, फ्लॅप सोडले, शेजारी माणूस बसला किंवा नाही बसला, की स्टिकवर, म्हणजे विमान हाकायच्या दांड्यावर, लागणारा जोर बदलतो. तो जोर हाताऐवजी टॅबने घ्यावा, एवढंच तिचं काम. ट्रिम बरोबर लागली असेल तर स्टिक सोडून नकाशाची घडी घालता येते.

आमच्याकडे आधी लिव्हर आणि बोडेन केबल होती. मोटरसायकलच्या क्लचला असते तीच जात, फक्त लांब. खान्देशात तिचं वैरी म्हणजे काळ्या मातीची धूळ. ग्रीस लावलं की धूळ चिकटते, नाही लावलं की केबल कोरडी घासते. लिव्हर पुढे ढकलून आणलेल्या खुणेवर टॅब एका जागी, आणि मागून ओढून आणलेल्या त्याच खुणेवर दुसऱ्याच जागी. आप्पा लिव्हरशी झटत बसायचे आणि तोवर विमान शंभर फूट वर-खाली झालेलं असायचं.

सर्वो आम्ही रे ॲलन कंपनीचा घेतला. किट विमानांत हाच सगळ्यात जास्त दिसतो. आत छोटी डीसी मोटर, गिअर आणि स्क्रू. बाहेर एक दांडी सरकते. मॉडेलप्रमाणे ती ०.७, १.० किंवा १.२ इंच सरकते. इथे बरेच जण मोठा तो चांगला म्हणून १.२ इंचवाला मागवतात. आधी हिशेब करा. टॅब किती अंश हलायला हवी ते किटच्या ड्रॉइंगमध्ये असतं. टॅबच्या बिजागरीपासून दांडी जोडायच्या भोकापर्यंतचं अंतर, म्हणजे हॉर्न, समजा २५ मिलिमीटर आहे. ०.७ इंच म्हणजे साधारण १८ मिलिमीटर. मधल्या जागेपासून दोन्हीकडे ९. टॅब दोन्हीकडे साधारण २१ अंश जाते. त्याच हॉर्नला १.२ इंचवाला लावला तर ३७ अंशांपर्यंत पोचते. एवढी टॅब लागत नाही, आणि मोटर थांबलीच नाही तर हाताने आवरायला जड जाते. हॉर्न लांब ठेवला की टॅब बारीक-बारीक हलते, हा वेगळा फायदा.

मागवण्याचं सांगायचं तर वस्तूच्या किमतीपेक्षा कुरिअर आणि कस्टमने जास्त घाम काढला. त्यावर वेगळं लिहावं लागेल. कागदाचं मात्र आत्ताच सांगतो: नोंदणी झालेल्या विमानात असा बदल करायचा तर आधी मंजुरी आणि शेवटी लायसन्सवाल्या इंजिनिअरची सही. "छोटीशी तर मोटर आहे" म्हणून गुपचूप लावून मोकळं होण्यातलं हे काम नाही.

बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोटरवर नाही, टॅबच्या खेळावर, म्हणजे सैलपणावर. दांडी, क्लेव्हिस (दांडीच्या टोकाची यू आकाराची कडी), पिन, हॉर्न, बिजागरी, प्रत्येक सांध्यात केसाएवढी सैल जागा असते आणि ती सगळी मिळून टॅबच्या मागच्या कडेला दिसते. जमिनीवर बोटाने हलवून पाहिली तर टकटक आवाज येतो. हवेत तीच टॅब ठरावीक वेगाला फडफडायला लागली तर सेकंदात शेपूट तोडते. २०११ च्या सप्टेंबरात अमेरिकेत रेनोच्या शर्यतीत गॅलपिंग घोस्ट नावाचं पी-५१ विमान प्रेक्षकांवर कोसळलं, पायलट धरून ११ माणसं गेली. चौकशीत एलिव्हेटरच्या ट्रिम टॅबचे स्क्रू ढिले झालेले निघाले, आणि लॉकनट जुनेच पुन्हा वापरलेले. आपल्याकडे ज्याला नायलॉक म्हणतात तो नट एकदा काढला की त्याची पकड कमी होते. ट्रॅक्टरला मी तो दोनदा-तीनदा फिरवतो, खोटं कशाला बोलू. विमानाला एकदा काढला की डब्यात. पिनला कॉटर पिन, तिचे पाय नीट वाकवलेले, आणि प्रत्येक वेळी नवी.

वायरिंग. सर्वोतून पाच वायरी येतात, केसासारख्या बारीक. दोन पांढऱ्या मोटरच्या. दोन्ही सारख्याच दिसतात, उलटसुलट जोडल्या की मोटर उलटी फिरते. बाकी तीन, पांढऱ्यावर नारिंगी, निळा आणि हिरवा पट्टा असलेल्या, दांडी कुठे आहे ते सांगणाऱ्या सेन्सरच्या. ऑटो इलेक्ट्रिकवाल्यांना माझं एक सांगणं: आपली सोल्डरची सवय इथे सोडा. सोल्डर जिथे संपतं तिथे वायर ताठ होते आणि रोटॅक्स इंजिनच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने क्रिम्प करा, वर स्लीव्ह चढवा, आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्या. एलिव्हेटर वर-खाली होतो, म्हणून बिजागरीपाशी वायरीचा मोकळा फेरा ठेवावा लागतो; इतका लांब नाही की कुठे अडकेल, इतका आखूड नाही की ताणेल. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. ॲल्युमिनियमच्या पत्र्याची कड ब्लेडसारखी असते. रेडिओच्या अँटेनाची केबल आणि या वायरी एकाच गठ्ठ्यात बांधू नका. बोलायचं बटन दाबलं की इंडिकेटर नाचायला लागल्याच्या तक्रारी पुष्कळ ऐकल्यात. आम्ही दोन्ही दोन बाजूंनी नेल्या, आमचा नाचत नाही.

जोडणी झाल्यावर दिशेची तपासणी. ही एकट्याने करायची नाही. एक जण कॉकपिटमध्ये, एक जण शेपटीशी. आतल्याने 'नाक वर' दाबायचं आणि मोठ्याने म्हणायचं, बाहेरच्याने टॅबची कड खाली गेली का ते बघून मोठ्याने सांगायचं. बाहेर उभं राहून पहिल्यांदा बघताना हमखास उलटं वाटतं, कारण नाक वर करायला टॅब खाली जाते. आप्पांचा पुतण्या शेपटीशी उभा होता. तो ओरडला, "आप्पा, हाई ते उलटं शे!" त्याला बिजागरीशी बसवून एलिव्हेटर हाताने वर करून दाखवला तेव्हा पटलं.

आता वापराबद्दल. सर्वो कंट्रोलरशिवाय सरळ बारा व्होल्टवर चालवला की लँडिंगच्या वेगाला ठीक वाटतो. हवा मंद असते, टॅबचा जोर कमी, बटन थोडं धरावं लागतं. पण ताशी ८० मैलांवर तीच टॅब बटनाला नुसता धक्का लागला तरी नाकाला झटका देते. मग उलटं बटन, मग परत सुलटं. उसाच्या गाडीला बैल दोन्हीकडून ओढतायत तसं विमान डुलत राहतं. दोष सर्वोचा नाही. ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर उपाय म्हणूनच वेगाचे कंट्रोलर मिळतात. टीसीडब्ल्यू नावाची कंपनी तर वेग कमी करणं आणि मोटर थांबलीच नाही तर तिची वीज तोडणं, दोन्ही एका डब्यात देते. आम्ही साधा, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा घेतला आणि वेग निम्म्याच्या आसपास आणून ठेवला. तेव्हापासून त्याला हात लावलेला नाही. ज्या दिवशी तो बसला त्या दिवशी विमान बदललं म्हणा.

बटनं ७०१ मध्ये मधल्या स्टिकवर येतात. स्टिक एकच, वर वायच्या आकाराची, दोघांच्या मध्ये. बटनं कुणाच्या मुठीवर ठेवायची हा आमच्याकडे वादाचा विषय झाला. डाव्या मुठीवर ठेवली, आणि ते योग्यच होतं; शेजारच्या पाहुण्याचा अंगठा कुठे जाईल याचा भरवसा नसतो.

इंडिकेटरचं दुःख वेगळं आहे. सर्वोबरोबर न घेता इथल्या एका विक्रेत्याकडून दुसऱ्याच कंपनीचा घेतला होता, दिव्यांची उभी पट्टी. हिवाळ्यात सकाळी छान दिसायची. होळीनंतर कॉकपिटमध्ये ऊन उतरायला लागलं आणि पट्टी दिसेनाशी झाली. हाताने सावली करून बघावं लागतं, म्हणजे एक हात तिथेच अडकला. काही दिवस वर कागदी टोपी लावली, शेवटी पट्टी काढून टाकली. आता सेन्सरच्या तीन वायरी मोठ्या स्क्रीनवर नेल्यात; गार्मिन, डायनन वगैरे स्क्रीन हा सिग्नल घेतात. शिवाय टेकऑफच्या जागेची खूण लाल रंगाच्या बारीक रेघेने एलिव्हेटरच्या कडेवर मारली आहे. उड्डाणाआधीच्या फेरीत टॅब त्या रेघेशी जुळलेली दिसली पाहिजे. स्क्रीनपेक्षा माझा त्या रेघेवर जास्त विश्वास आहे.

मोटर थांबलीच नाही तर काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि विचारायलाच हवा. बटन आत चिकटून राहिलं, धुळीने किंवा उन्हाने, तर टॅब टोकापर्यंत जाते. म्हणून १ अँपिअरचा ओढून काढता येणारा ब्रेकर आप्पांच्या डाव्या हाताला, बघायला न लागता सापडेल असा लावला. तो कुठे आहे ते डोळे मिटून दाखवायला लावतो मी त्यांना, चिडतात पण दाखवतात. शिवाय उंचावर जाऊन मुद्दाम टॅब टोकाला नेऊन पाहिली. स्टिकवर जोर चांगलाच येतो, पण एका हाताने धरता येतो. वेग कमी करणं हे अर्धं औषध: वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे ८० वरून ६० वर आलात की तो जवळपास निम्मा होतो. घाबरून पॉवर वाढवली तर उलटं. वीज गेली तर मात्र काही बिघडत नाही. आतला स्क्रू आहे तिथेच राहतो, वारा त्याला मागे ढकलू शकत नाही.

उन्हाळा हीच खरी परीक्षा होती. मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास, पत्र्याच्या हँगरमध्ये त्याहून वाईट. सर्वोने एकदाही कुरकुर केली नाही. झाकण उघडून पाहिलं तर आत थोडी धूळ आणि कपाशीचा भुगा, बाकी जसाच्या तसा. क्लेव्हिसच्या पिनमध्ये मात्र खेळ वाढलेला होता, टॅबच्या कडेशी स्टीलची पट्टी धरून बघितला की कळायचा. पिन बदलली, टकटक गेली. हा खर्च चहापाण्याएवढा, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

एक खोड या बटनाने लागते ती लिव्हरने लागत नव्हती. उन्हाळ्यात सकाळी उन्हं वर आली की नांगरलेल्या शेतांवरून गरम हवा उसळायला लागते आणि विमान वर-खाली हलतं. लिव्हर होता तेव्हा आप्पा कंटाळून तो सोडून द्यायचे. बटन अंगठ्याखाली आलं आणि प्रत्येक धक्क्याला टिक-टिक सुरू झालं. त्याचा उपयोग शून्य. तुम्ही दाबेपर्यंत तो धक्का मागे गेलेला असतो. आधी पॉवर ठरवा, नाक हाताने जागेवर आणा, वेग स्थिर होऊ द्या, मग ट्रिम. उकळत्या हवेत तर हात लावूच नका.

कोणी घेऊ नये? ज्याचं एकट्याचं विमान आहे, नेहमी एकाच वेगाने उडतं आणि केबल नीट चालतेय, त्याने पैसे पेट्रोलला ठेवावेत. दोघे बसत असाल, कधी एकटे कधी दुकटे, तर फरक पहिल्याच उड्डाणात कळेल.

आता मृग लागलंय, विमान हँगरमध्ये आहे आणि आप्पांनी नवीन काढलंय: एलेरॉनलाही, म्हणजे पंखाच्या मागच्या हलणाऱ्या फळीलाही, ट्रिम लावायची. एकटे उडताना विमान डावीकडे कलतं म्हणे. मी सांगितलं, सीटवर जरा उजवीकडे सरका. तेवढ्यासाठी पंखात भोकं पाडायला मी तयार नाही.