रस्त्याचे रंग दाखवणारा नकाशा : महामार्गावर चोख, पेठेत फसवा

सोलापुरातील अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीतून टॉवेल-चादरींचे गठ्ठे पोहोचवणारा आमचा टेम्पो गेली दोन वर्षे मोबाइलवरील वाहतूक दाखवणाऱ्या एका नकाशाच्या भरवशावर धावतो आहे. पुणे महामार्गावर मोहोळ-टेंभुर्णीच्या दिशेने जाताना हा नकाशा क्वचितच चुकतो. पुढे अपघातामुळे रांग लागली असेल, तर ती लाल रेघ दोन-तीन किलोमीटर आधीच दिसते आणि पोहोचण्याची वेळ पाच-दहा मिनिटांच्या फरकाने खरी ठरते.

यामागची युक्ती साधी आहे. रस्त्यावरून जाणारे फोनच आपापले ठिकाण आणि वेग कळवत राहतात (अर्थात आपलाही फोन कळवतो, हे फुकट सेवेचे मोल). बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि नोकिया यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये १०० मोटारींत फोन ठेवून हा प्रयोग केला, तेव्हा रस्त्यावरील दोन-तीन टक्के चालकांच्या फोनवरूनही वाहतुकीचा वेग पुरेसा अचूक कळतो, असे आढळले.

मात्र तो महामार्ग होता आणि तिथे मोटारी होत्या. आमच्या नवी पेठेत किंवा मधला मारुती परिसरात दुचाक्यांचे राज्य आहे. हातगाडी आणि रिक्षा यांच्या फटीतून दुचाकी सहज निसटते, बहुधा तिचाच वेग हिशेबात धरला जातो, आणि हिरव्या दिसणाऱ्या रस्त्यावर आमचा टेम्पो मात्र पंचवीस मिनिटे जागचा हलत नाही. गेल्या दिवाळीआधी हे तीनदा घडले. दुचाकीसाठी वेगळा पर्याय त्यात आहे, तो निवडला की वेळ बदलते; पण टेम्पोवाल्याला त्याचा उपयोग काय?

सिद्धेश्वरांच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, तर वेगळीच अडचण होते. नंदीध्वजांच्या (सजवलेल्या उंच काठ्यांच्या) मिरवणुकीसाठी रस्ता बंद केला की तिथे वाहन उरत नाही, आणि वाहन नसले की वेग कळवणारेही कोणी उरत नाही. त्यामुळे बॅरिकेडपर्यंत पोहोचेस्तोवर नकाशा तोच रस्ता सुचवत राहतो. उलट, २०२० मध्ये बर्लिनमधील एका कलाकाराने ९९ फोन हातगाडीत घालून मोकळ्या रस्त्यावर खोटी कोंडी दाखवून दिली होती.

महामार्गासाठी पाचपैकी साडेचार तारे, शहरासाठी अडीच. पेठेत माल द्यायचा असला की निघण्यापूर्वी आम्ही दुकानदारालाच फोन करून गल्ली मोकळी आहे का, ते विचारतो.