गोचिडीची गोळी नकली निघाली, २३४० रुपये गेले आणि कुत्रा मरता मरता वाचला

कुत्रा पाळणाऱ्यांनी वाचाच. ती तीन महिने चालणारी चघळायची गोळी असते ना, फ्लुरालानर नावाच्या गोचिडी मारणाऱ्या औषधाची, ती ऑनलाइन मागवली, दोन गोळ्या २३४० रुपये. कोणी म्हणेल स्वस्तात बघून घेतली, तर अजिबात नाही, नेहमीपेक्षा जेमतेम दीडशेने कमी होती, बॉक्स, होलोग्राम, आतला कागद सगळं हुबेहूब. मी काय लॅबमध्ये नेऊन तपासणार होते का?

गोळी दिल्यावर आठवड्याने कानामागे, बोटांच्या बेचक्यात गोचिड्या, जिवंत आणि रक्त पिऊन टम्म फुगलेल्या. हे आठवलं की अजून डोकं तापतं. खरी गोळी रक्तात उतरली की चावलेली गोचीड साधारण १२ तासांत मरायला लागते, इतकं फुगायला तिला वेळच मिळत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणे "औषध लागू पडतंय म्हणून बाहेर पडतायत मॅडम, थोडं थांबा." इतक्या ठामपणे सांगितल्यावर कोणीही थांबलं असतं! तेवढ्यात बबेसियाने गाठलं, गोचीड चावली की तिच्यातून रक्तात शिरणारा परजीवी. कडक ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी काळपट तांबडी, हा परजीवी लाल पेशीत शिरून त्या फोडतच सुटतो. टेस्ट, इंजेक्शनं, रक्त चढवणं मिळून १८६५० रुपये. पहिल्या स्मिअरमध्ये (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात ते) काही दिसलंच नव्हतं, म्हणून स्मिअर क्लीन आला तरी लक्षणं असतील तर पीसीआर (रक्तात परजीवीचा डीएनए शोधणारी टेस्ट) करायला सांगाच.

नंतर बघितलं तर बॉक्सवर बॅच नंबर एक, फॉइलवर दुसराच. हे आधी जुळवा. वजनाचे गट बघा, १० ते २० किलो, २० ते ४० किलो असे वेगळे असतात, "सगळ्यांना एकच" म्हणणारा चोर समजा.

तक्रारीचं तर विचारूच नका. साइटवाले म्हणतात पाकीट फोडलं, आता रिटर्न नाही. अहो, न फोडता गोळी कशी देणार? पोलीस म्हणे रक्कम किरकोळ आहे, वर "कुत्र्यासाठी एवढं?" असं तोंडावर विचारलं. औषधांच्या ऑफिसात गेले तर जनावरांचं आमच्याकडे येत नाही, दुसऱ्या टेबलावर जा, दुसऱ्या टेबलावर माणूसच नाही, अर्जाची पोच मागितली तर साहेब आल्यावर या. नकली औषध हातात घेऊन उभी आहे मी, आणि कोणाला ते बघायचंसुद्धा नाही!

रिकामी फॉइल फेकू नका, पुरावा तोच. आणि घरात मांजर असेल तर परमेथ्रीन हे कीटकनाशक असलेलं कुत्र्याचं औषध तिच्या आसपासही नको, जीव जातो, हे लोक तेही "सगळ्या पेट्सना सेफ" म्हणून खपवतात.