मोजायची टेप लावली असती तर ५,०४,००० रुपये वाचले असते

नागपूरच्या बेसा भागातली आमची २८ फ्लॅटची सोसायटी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी २० किलोवॉटचं सोलर ठरलं. कोटेशन ८,४०,०००. ॲडव्हान्स २,५२,००० आणि माल गच्चीवर चढल्यावर ५,०४,०००. फ्लॅटमागे २७,००० रुपये गेले. उरलेले ८४,००० आम्ही दिलेले नाहीत, देणारही नाही.

स्वस्ताच्या मागे लागलात असं कोणी म्हणू नये. तीन कोटेशनं घेतली होती, हे मधलं होतं. सर्वसाधारण सभेचा ठराव झाला होता.

करारात ५४० वॅटचे ३७ पॅनल होते. मोनो, म्हणजे काळसर दिसणारे; हाफ कट, म्हणजे आतले वीज बनवणारे सेल मधोमध कापलेले; आणि सेल देशी. असा पॅनल साधारण २२७८ बाय ११३४ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास साडेसात फूट लांब असतो. गच्चीवर आले ते जेमतेम साडेसहा फुटी. रंग निळसर, आणि सेल अख्खे, मधोमध कापलेले नाहीत. एका सभासदाने तिथेच विचारलं. ठेकेदाराचं उत्तर आलं, "भाऊ, नवीन मॉडेल आहे. साइज कमी, पॉवर तेवढीच." आणि आम्ही गप्प बसलो! त्याच संध्याकाळी ५,०४,००० आरटीजीएस केले. राग त्या माणसाचा येतो, पण त्या संध्याकाळचा जास्त येतो. पॅनलच्या एका चौरस मीटरला २०० ते २२० वॅट धरा. क्षेत्रफळाने गुणलं की खोटं दोन मिनिटांत पकडलं जातं.

पहिल्या पावसात एका पॅनलच्या मागच्या लेबलचं टोक सुटलं. खाली दुसरं लेबल निघालं, ३३५ वॅटचं. काचेच्या आतला सीरियल नंबर एक, मागच्या स्टिकरवरचा दुसरा. सगळे ३७ तपासले, सगळे तसेच. म्हणजे २० च्या जागी १२.४ किलोवॉट. नागपूरच्या स्वच्छ उन्हात २० किलोवॉटने दिवसाला ८० युनिटच्या आसपास द्यायला हवेत, आमचे ४५ च्या वर कधी गेलेच नाहीत. "उन्हाने पॅनल तापतात म्हणून," असं तो सांगत राहिला. तापल्यावर पॉवर पडते हे खरं, पण भर मे महिन्यातही १५ टक्क्यांच्या आसपास, निम्मी नाही.

बिलात लिहिलं होतं फक्त 'सोलर सिस्टिम, १ नग'. सीरियल नंबरांची यादी नसलेलं बिल घेऊच नका.

नेट मीटर, म्हणजे आपण परत पाठवलेली वीज वापरातून वजा करणारा मीटर, आठ दिवसांत येतो म्हणून ठेकेदाराने आधीच सिस्टिम चालू करून दिली. बरीच साधी मीटर उलट जाणारी वीजही वापरातच मोजतात, त्यामुळे बिल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. वीज कार्यालयात गेल्यावर कळलं की आमच्या ग्राहक क्रमांकावर अर्जच नाही, आणि मंजूर भार १५ किलोवॉट, सोलर त्याहून मोठं, म्हणजे आधी भारवाढ हवी होती. "विनापरवाना आहे, बंद करा." बस्स. पोलीस ठाण्यात "हे दिवाणी आहे, ग्राहक मंचात जा." लेबलावर लेबल चिकटवून माल विकणं दिवाणी कसं? सहकार खात्याच्या कार्यालयात "ठराव तुमचा, जबाबदारी तुमची." चार महिने, अकरा खेपा, आणि पोच मिळाली फक्त दोन अर्जांची. प्रत्येक टेबलावर कागद पुढच्या टेबलाकडे ढकलला जातो, आणि तोवर तो माणूस दुसऱ्या गच्चीवर माल चढवत असतो.

केंद्राच्या पीएम सूर्यघर या सोलर अनुदानाच्या योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॉटमागे १८,००० मिळतात, आमचे ३,६०,००० झाले असते. विदेशी सेल असतील तर अनुदान नाही. ते ग्राहकाच्या खात्यात येतं. "मी बिलातच वजा करतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

स्ट्रक्चरही तसंच. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, असं सांगून साध्या पाइपला चंदेरी रंग मारला होता, वेल्डिंगच्या जागी गंज चढला. स्लॅबला थेट भोकं पाडल्याने वरच्या माळ्यावरच्या दोन फ्लॅटमध्ये पाणी गळतंय. काँक्रीटचे पेडेस्टल, म्हणजे छोटे चौथरे, बांधायला लावा. अर्थिंगचे खड्डे तीन लागतात, पॅनलकडच्या डीसीचा, इमारतीकडच्या एसीचा आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा वेगळा. आमच्याकडे एकच होता, तिन्ही तारा त्यातच. शेवटचे ३० टक्के नेट मीटर बसेपर्यंत हातात ठेवा, आम्ही १० च ठेवले.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. मुदत दोन वर्षांची असते. सोबत ३७ पॅनलच्या दोन्ही नंबरांचे फोटो आणि टेप लावून काढलेलं माप जोडलं आहे.